शेवटच्या शॉटमधला राक्षस

मित्रांनो, मला बघून घाबरायचं असेल तर जरा लांबूनच बघा. जवळ आलात की माझं बिंग फुटतं. माझे डोळे म्हणजे सायकलीच्या मागे लावतात ते दोन लाल रिफ्लेक्टर. दात कंगव्याचे. पाठीवरचे काटे रबरी पायपुसण्यातून कापलेले. आतलं अंग गादीच्या फोमचं, त्याला रेनकोटच्या कापडाचं अस्तर, आणि वरून ब्रशने दिलेले रबराच्या चिकाचे सात थर. एका जुन्या, कमी खर्चाच्या चित्रपटातला मी तळ्यातला राक्षस आहे. चित्रपट काळा-पांढरा होता, त्यामुळे माझे डोळे लाल आहेत हे कुणाला कळलंसुद्धा नाही.

त्या चित्रपटात मी तळ्यातून वर येतो, एक पूल मोडतो, एका शास्त्रज्ञाला पळवतो आणि शेवटी मरतो. पूल पुठ्ठ्याचा होता आणि शास्त्रज्ञ मला घाबरण्याऐवजी हसत होता. पण माझं मरण मात्र लोकांच्या मनात घर करून बसलं. त्या मरणाची गोष्ट बरीच वर्षं खोटी सांगितली गेली. मी तिथे होतो. म्हणून खरी गोष्ट आज मी सांगतो.

मला घडवलं ते ताईंनी. स्टुडिओत सगळे त्यांना ताईच म्हणत, कारण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच कामाला लागला होता आणि दिवसभर त्याच्या तोंडी "ताई, ताई" असायचं. ताई आधी रेनकोटच्या कारखान्यात शिवणकाम करत. पाणी आत शिरणार नाही अशी शिवण घालावी ती त्यांनीच. भाऊ पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. लांब मान, लांब हात, आणि एकदा बुडी मारली की कुठे वर येईल याचा नेम नाही. म्हणून त्याला सगळे पाणकावळा म्हणायचे. दिग्दर्शकाला राक्षसाच्या आत शिरायला कुणीतरी पट्टीचा पोहणारा हवा होता. ताईंनी भावाचं नाव सुचवलं. माझी मापं त्याच्याच अंगावरून घेतली गेली.

मी पुरा झालो त्या दिवशी ताईंनी दिग्दर्शकाला एक गोष्ट विचारली होती.

"साहेब, ह्याची चेन मागे आहे, आणि वरून काट्यांची पट्टी चिकटवायची. आतल्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येणार नाही. छातीवर एखादी फट ठेवू का?"

"छातीवर फट दिसली तर लोक राक्षसाला हसतील, ताई. मागूनच राहू दे. आपण सगळे आहोतच की बाहेर."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. तरुण होता, हातात सामान तुटपुंजं होतं, आणि डोक्यात एकच ध्यास होता. ताईंनी मान डोलावली. पण घरी जाण्याआधी भावाला बाजूला घेऊन एक खूण ठरवली. आत काही बिनसलं तर तीनदा हात आपटायचा. मग थांबायचं. मग पुन्हा तीनदा. पाणकावळा हसला. म्हणाला, "ताई, मला पाण्यात काय होणार आहे?"

पहिले काही दिवस मजेचे गेले. तळ्याकाठी मी बाहेर आलो तेव्हा कुणाचा तरी कुत्रा शेपूट घालून जो पळाला, तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही. कॅमेरामन म्हणाला, "ताई, तुमचं काम एक नंबर." ताईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी पुढे कधीच पाहिलं नाही.

मग हौदाचा दिवस उजाडला.

माझं मरण पाण्याखाली दाखवायचं होतं. स्टुडिओच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्याच्या एका बाजूला जाड काच बसवली होती आणि काचेपलीकडे कॅमेरा. पाणी पाणकावळ्याच्या खांद्याइतकं. त्याने आत उतरून खाली बसायचं, बुडायचं, आणि पुन्हा उभं राहायचं. एवढंच काम.

पण फोम तो फोम. सकाळी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी बुचासारखा वर आलो. पाय वर, डोकं खाली. सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शक हसला नाही. त्याने माझ्या दोन्ही पायांत लोखंडी पट्ट्या भरायला सांगितल्या. दुसऱ्या वेळी मी नीट बुडालो, पण कॅमेऱ्यात काहीतरी अडकलं. ते सोडवण्यात तास-दोन तास गेले. तेवढा वेळ मी हौदाच्या काठावर, अर्धा पाण्यात, पडून होतो. गळ्यावरच्या फटींतून आलेलं पाणी फोम पीत होता. सकाळी मी हलका होतो म्हणून लोखंड भरलं होतं. आता मी स्वतःच दगडासारखा जड झालो होतो, आणि लोखंड काढायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाणकावळा माझ्यात शिरला. ताईंनी चेन लावली आणि काट्यांची पट्टी चिकटवली. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "या वेळी मरताना पाण्यावर हात आपट. जोरात. राक्षसाला मरायचं नाहीये, हे दिसलं पाहिजे."

हे ऐकून ताईंचा हात माझ्या पाठीवर थबकला. त्या काही बोलणार होत्या, पण तोवर "शांतता!" अशी आरोळी झाली. कॅमेऱ्यात फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता. पुन्हा संधी नव्हती.

आम्ही खाली बसलो. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. पाणकावळ्याने छाती भरून घेतलेला श्वास मला आतून जाणवत होता. त्याने दोन्ही हात वर काढले आणि पाण्यावर वेडेवाकडे आपटले, दिग्दर्शकाला हवे होते तसे. मग त्याने उभं राहायचा प्रयत्न केला.

गुडघे हलले नाहीत.

त्याने पुन्हा जोर लावला. माझे पाय हौदाच्या तळाला खिळल्यासारखे झाले होते. फोमचं ओझं त्याच्या मानेवर, छातीवर दाबत होतं. मित्रांनो, मी त्याला सोडायला किती तयार होतो म्हणून सांगू! पण सोंगाला स्वतःचे हात नसतात. जो आत असतो त्याचेच हात ते सोंगाचे हात.

त्याने आपटायचं थांबवलं. मग हात वर काढून सावकाश, सपाट तळव्याने मारलं. एक. दोन. तीन. थांबला. एक. दोन. तीन.

"वा!" काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला. "काय ताल धरलाय पठ्ठ्याने! चालू ठेवा, कॅमेरा चालू ठेवा!"

माझ्या गळ्यावर माशासारखे कल्ले होते आणि त्यांच्या फटींतून पाणकावळा बाहेर बघायचा. काचेतून ताई दिसत होत्या. कॅमेऱ्याच्या शेजारी, हातात कापड कापायची मोठी कात्री. त्या एका जागी उभ्या होत्या.

त्याचा श्वास सुटला. बुडबुडे माझ्या कल्ल्यांतून वर गेले, आणि दिग्दर्शक पुन्हा "वा!" म्हणाला. पाणकावळ्याने हात आत ओढून घेतले आणि माझा गळा आतून ओरबाडायला सुरुवात केली. दहाही बोटांनी. गळ्याशी अस्तर नव्हतं, फोमचे तुकडे त्याच्या नखांत जात होते. मग एक हात कसाबसा वर गेला. एक. दोन. तिसऱ्या वेळी तळवा पाण्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या क्षणी हौदात कुणीतरी उडी मारली. पाणी ढवळून निघालं. थंड पोलाद माझ्या हनुवटीखाली घुसलं आणि कर्रकन पोटापर्यंत गेलं. सात थर, फोम, अस्तर, सगळं एका दमात. ताईंनी त्या कापातून भावाचं डोकं दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. कॅमेरामन धावत आला. दिग्दर्शक ओरडत होता, "शॉट कुठे संपवायचा ते मी ठरवतो!" आणि मग त्याला पाणकावळ्याचे निळे पडलेले ओठ दिसले. आपल्या गाडीत घालून त्यानेच त्याला दवाखान्यात नेलं.

पाणकावळा वाचला. पण दुसऱ्या दिवशी ताईंना निरोप आला, की उद्यापासून येऊ नका. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर चित्रपट बंद पडला असता. आणि तो शॉट? तो चित्रपटात तसाच घेतला गेला. ताईंची सावली काचेवर पडते, त्याच्या जरा आधी कापून.

माझं काम संपलं होतं. मला सामानाच्या खोलीत एका खुंटीला अडकवलं आणि वर चादर टाकली. पुढची चाळीस वर्षं मी तिथेच. रबर वाळलं, तडकलं. डाव्या पायात उंदरांनी संसार थाटला. एका हिवाळ्यात कुणीतरी माझी शेपटी कापून दाराखालची फट बुजवली. चादरीआडून मला लोकांचं बोलणं तेवढं ऐकू यायचं. त्यातूनच कळलं, की चित्रपट आधी सपशेल पडला, मग दूरदर्शनवर दुपारी लागू लागला, मग त्याची टिंगल झाली, आणि टिंगल करता करताच लोक त्याच्या प्रेमात पडले. दिग्दर्शकाला लोक मानाने बोलवू लागले. माझ्या मरणाचा प्रसंग कसा सुचला, असं विचारलं की तो सांगायचा, "तीन दिवस तालीम केली होती."

खोटं एकदा बोललं की ते जपावं लागतं, आणि जपता जपता माणसाला तेच खरं वाटू लागतं.

मग स्टुडिओ पाडायची वेळ आली, आणि मी एका मुलीच्या टेबलावर येऊन पडलो. जुन्या चित्रपटांतल्या वस्तूंची डागडुजी करणं हे तिचं काम. चष्मा कायम कपाळावर. चित्रपटाची प्रत साफसूफ करून एका दुपारी पुन्हा दाखवायची होती आणि पडद्याशेजारी मला उभं करायचं होतं. दिग्दर्शक मला बघायला आला. आता त्याच्या हातात काठी होती.

"हा काप उंदरांनी कुरतडलेला आहे," तो म्हणाला. "शिवून टाक. राक्षस अख्खा दिसला पाहिजे."

"उंदीर सरळ रेषेत कुरतडत नाहीत, सर."

"मग कुणीतरी कापलं असेल. मला काय ठाऊक?"

तो गेल्यावर मुलीने हातमोजे घातले आणि कापातून हात आत घातला. गळ्याजवळ तिची बोटं थांबली. तिने दिवा जवळ ओढला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आत डोकावली. फोममध्ये दहा खाचा होत्या. पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. तिने आपली बोटं एकेका खाचेत ठेवून पाहिली. मग पटकन हात बाहेर काढला.

बरीच फोनाफोनी करून तिने ताईंना शोधलं. ताई दुसऱ्या गावात तंबू शिवायचं काम करून आता घरी बसल्या होत्या. त्या आल्या. मला बघून दारातच थांबल्या.

"आजी, हा काप तुमचा का?" मुलीने विचारलं.

"माझाच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्याने पहिल्यांदा तीन मारले, तेव्हाच मला कळलं होतं गं. पण फिल्मचा शेवटचा तुकडा. इतक्या जणांची मेहनत. मला वाटलं, मी चुकले असले तर? दुसऱ्यांदा तीन मारले तरी उभीच. तिसऱ्यांदा हात खाली गेला तेव्हा उडी मारली. माझा भाऊ मरत होता आणि मी मोजत होते."

"तुमचे भाऊ तुमच्याशी बोलत नाहीत?"

"दवाखान्यात गेले नाही मी. कोणत्या तोंडाने जाणार? नंतर त्यानेही कधी विचारपूस केली नाही. तलावावरचं काम सोडलं म्हणे, दारं-खिडक्या रंगवायला लागला." त्यांनी सुईदोरा मागितला. "दे, शिवते. माझ्याच हातचं आहे."

त्यांनी सुई माझ्या हनुवटीखाली टेकवली. टाका काही घातला नाही. "नाही होत माझ्याने," त्या म्हणाल्या.

मुलीने पाणकावळ्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

खेळाची दुपार आली. मला पडद्याच्या उजव्या बाजूला उभं केलं होतं. काप उघडाच. दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि काठी आपटली.

"हे शिवलं का नाही?"

"परवानगी मिळाली नाही, सर."

"कुणाची परवानगी? मी दिली होती!"

"आत जे होते त्यांची."

दिग्दर्शकाचा चेहरा खर्रकन उतरला. पण लोक आत येऊ लागले होते, म्हणून तो गप्प आपल्या जागेवर जाऊन बसला.

मित्रांनो, मी स्वतःला पडद्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. श्रेयनामावलीत "राक्षस" या शब्दापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. लोकांना सगळे संवाद पाठ होते. पुठ्ठ्याचा पूल मोडला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. ते हसणं मायेचं होतं, मला वाईट वाटलं नाही. पण जसजसा हौद जवळ येत गेला, तसतशी माझ्या कापाच्या दोन्ही कडा थरथरू लागल्या. कदाचित पंख्याचा वारा असेल.

पडद्यावर पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. सभागृहात कुजबुज झाली, "आला, आला!" आणि पडद्यावरच्या हाताने पहिल्यांदा पाण्यावर मारलं तशी लोकांनी त्याच्या तालावर टाळी दिली. एक, दोन, तीन. ही त्यांची जुनी पद्धतच होती म्हणे. थांबले. पुन्हा एक, दोन, तीन. शेकडो माणसं हसत, आनंदाने, त्या तालावर टाळ्या पिटत होती.

सातव्या रांगेत एक म्हातारा मात्र हात गुडघ्यांत घट्ट दाबून बसला होता. लांब मान. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं, जसं श्वास न मिळणाऱ्याचं असतं. दाराजवळच्या खुर्चीतून ताई उठल्या होत्या. त्यांना बाहेर जायचं होतं, पण पाय हलत नव्हते.

एक. दोन. तिसरी टाळी पडलीच नाही, कारण पडद्यावर हात खाली गेला होता. लोक हळहळले आणि मग जोरात टाळ्या झाल्या.

दिवे लागले. दिग्दर्शक मंचावर आला. नेहमीचा प्रश्न आला: हा प्रसंग कसा सुचला?

"तीन दिवस..." त्याने सुरुवात केली.

"तालीम झाली नव्हती, साहेब."

सगळ्या माना वळल्या. सातव्या रांगेतला म्हातारा उभा राहिला होता. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू येत होता. "आत मी होतो. मला उभं राहता येत नव्हतं. तीनदा हात मारला की मला बाहेर काढायचं, अशी आमची खूण होती. तुम्ही लोक आता ज्याच्यावर टाळ्या देत होतात ना, ती खूण. तुमचा राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं."

दिग्दर्शक काठीवर वाकून उभा राहिला. मला वाटलं, तो नाही म्हणेल. चाळीस वर्षांची सवय. पण तो माझ्याकडे वळला, कापाकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "शॉट घेताना माहीत नव्हतं, देवाशपथ. पण रात्रभर घरी विचार करून, सगळं माहीत असताना, मी तो चित्रपटात घेतला. तुझ्या बहिणीची सावली मीच कापली. तिचं कामही." तो खाली उतरला आणि पहिल्या रांगेत, तोंड झाकून बसला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

लोक हळूहळू बाहेर पडले. ताई आणि पाणकावळा माझ्यापाशी येऊन उभे राहिले. दोघांच्या मध्ये मी.

"पहिल्याच वेळी ओळखलं होतं मी," ताई एकदम म्हणाल्या. "तरी थांबले. तुला हे माहीत नाही."

"माहीत आहे. कल्ल्यांतून दिसत होतीस. कात्री घेऊन उभी."

ताईंनी मंचाची कड पकडली. "राग आला नाही?"

"आला. पहिली काही वर्षं फार आला, खोटं कशाला बोलू? पण ताई, तू दिसत होतीस म्हणूनच मी तग धरला. म्हटलं, ती आहे, ती येणार. तू दिसली नसतीस तर तेव्हाच हात सोडून दिले असते."

"मग कधी आला का नाहीस?"

"माझ्यापायी तुझं काम गेलं. इतकं सुरेख काम. वाटलं, तू माझं तोंड बघणार नाहीस."

"वेड्या," ताई म्हणाल्या, आणि रागाने त्याच्या दंडावर चापट मारली. मग तो दंड त्यांनी सोडलाच नाही.

बऱ्याच वेळाने चष्मेवाली मुलगी दबकत आली. "काका, काप शिवायचा का?"

पाणकावळ्याने ताईंकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी हौदापाशी कोण कोण होतं ते याच्या खाली पाटीवर लिहा. आधी तिचं नाव."

तसं लिहिलं गेलं. आता मी काचेच्या कपाटात असतो. आत गारवा असतो, ऊन येत नाही, आणि ती मुलगी दर महिन्याला माझी धूळ मऊ ब्रशने झाडते. रबराचं आयुष्य मोठं नसतं. मी हळूहळू भुगा होतोय. जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. जपाच, त्यांच्या पोटात काय काय असतं ते कुणी आत हात घातल्याशिवाय कळत नाही.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, खेळात असो, नाटकात असो, वर्गात असो, एखाद्याने मदतीला हात वर केला आणि तो खरा की खोटा, असा तुम्हाला प्रश्न पडला, तर मोजत बसू नका. आधी खेळ थांबवा. तो नाटक करत असेल तर तुमचं हसं होईल, चार लोक ओरडतील, एखादा शॉट वाया जाईल. जाऊ दे. सोंग पुन्हा आणता येतं.